माल्ट्याचा नवस

“आता आधी माल्टा,” आई फोनवर म्हणाली.

सत्यजित पाटणकरला वाटलं, लाइन गडबडली. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलहून कॉलिंग कार्डावर कराडला फोन लावला की मध्येच भलत्याच कुणाचा तरी आवाज घुसायचा. मागे एकदा एका अनोळखी बाईंनी त्याला चांगलं दरडावून विचारलं होतं, डाळ भिजत घातलीस की नाही म्हणून. पण हा आवाज आईचाच होता.

“आई, तुला नीट ऐकू आलं ना? ग्रीन कार्ड आलं. पोस्टाने आलं, आत्ता माझ्या हातात आहे. दिवाळीला येतोय आम्ही. तिघंही.”

“आलं ऐकू. कान ठणठणीत आहेत माझे. म्हणूनच म्हणते, आधी माल्टा, मग घर. देवाला शब्द दिलाय मी. आणि हे बघ, मी काय केलंय…”

इथे कार्डातल्या बाईने गोड आवाजात सांगितलं की तुमची मिनिटं संपली, आणि फोन बंद पडला.

सत्यजित सहा वर्षं घरी गेला नव्हता. जायचं नव्हतं असं नाही, जाता येत नव्हतं. वकिलाने बजावून ठेवलं होतं, फाईल मार्गी लागेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकू नका, टाकलंत तर परत याल की नाही ते मी सांगू शकत नाही. आणि फाईल तर कुठल्याशा कचेरीत मांडी घालून बसली होती. मधल्या काळात चुलतभावाचं लग्न झालं, त्याला मुलगा झाला, तो मुलगा बालवाडीत जायला लागला, शेजारचे तांबवेकाका वारले, आणि हे सगळं सत्यजितने फोनवर ऐकलं. मुलगी सई सहा वर्षांची झाली तरी तिने आजी फक्त फोटोत पाहिली होती.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर त्याने हवामानाचा चौकोन लावून ठेवला होता. त्यात कराड सापडेना, म्हणून कोल्हापूर लावलं होतं. बर्फाची नुसती बातमी आली तरी इथले लोक दूध-ब्रेड आणायला पळायचे, आणि हा आपला “कोल्हापुरात आज तेहेतीस” असं पुटपुटत बसायचा. त्याला फार काही नको होतं. हॉलच्या फरशीवर चटई टाकून पंख्याखाली आडवं व्हायचं होतं आणि आईने “ऊठ आता, दहा वाजले” म्हणून डोक्याशी उभं राहायचं होतं. कधी कधी मीटिंगमध्ये बसल्या बसल्या त्याला घराची इतकी आठवण यायची की समोरचा माणूस काय बोलतोय तेच कळायचं नाही.

आता माल्टा मध्ये कुठून आलं? तर त्याचं असं झालं होतं. सत्यजितची आई, शोभनाबाई, कराडला एका शाळेत भूगोल शिकवायच्या. रिटायर झाल्यावरही नकाशा दिसला की चष्मा लावायची सवय गेली नव्हती. दोन वर्षांपूर्वी, फाईल अगदीच रुतून बसली होती तेव्हा, त्यांनी रविवारच्या पुरवणीत एक लेख वाचला. भूमध्य समुद्रात माल्टा नावाचं बेट आहे, त्यावर मोस्टा नावाचं गाव आहे, आणि त्या गावात मेरीमातेचं एक अवाढव्य घुमटाचं चर्च आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानातून टाकलेला बॉम्ब घुमट फोडून थेट आत पडला. आत प्रार्थनेला शेकडो माणसं जमलेली. बॉम्ब फुटला नाही. कुणाला काही झालं नाही.

शोभनाबाईंनी पेपर खाली ठेवला आणि हात जोडले. तोवर त्यांचे गणपती, पालीचा खंडोबा, जोतिबा असे सगळे देव सांगून झाले होते. देशी देवांचं त्या कचेरीत काही चालत नसावं, असं त्यांचं मत बनत चाललं होतं. परदेशातलं काम, ते परदेशातल्याच देवीकडे दिलेलं बरं. “माउली,” त्या म्हणाल्या, “बॉम्बसुद्धा तू थोपवलास, माझ्या पोराचा एक कागद तुला काय जड आहे? त्याचं काम होऊ दे. आधी तुझी खणानारळाने ओटी भरायला येईन, मग घरी दिवाळी.” हे त्यांनी तेव्हा फोनवर सत्यजितला सांगितलं होतं, आणि तो खो खो हसला होता.

आता त्याला हसू येत नव्हतं. रजा एकूण दोन आठवडे, तीसुद्धा मॅनेजरच्या हातापाया पडून मिळवलेली. दिवाळी तीन आठवड्यांवर. आणि ग्रीन कार्ड आलं तरी पासपोर्ट भारताचाच, म्हणजे माल्ट्याच्या व्हिसासाठी पुन्हा रांग आली, पुन्हा फोटो आले, पुन्हा बँकेची स्टेटमेंटं आली. माल्टा केलं तर दिवाळी गेली.

“आईंना समजाव ना नीट,” रुचा म्हणाली. रुचा म्हणजे सत्यजितची बायको, ठाण्याची, सरळ हिशेबाची. “इथे सगळ्यांची ग्रीन कार्डं येतात. माल्ट्याला कोण जातं?”

“तिला कोण समजावणार? परीक्षेत घरचा मुलगा म्हणून मला दोन मार्क कमी देणारी बाई आहे ती. देवाला दिलेला शब्द मोडू देईल?”

“मग त्या गुरुजींना विचार. काहीतरी पर्याय असतोच.”

गुरुजी म्हणजे पुरुषोत्तम. मूळचा नागपूरचा, सोमवार ते शुक्रवार एका औषध कंपनीत सॉफ्टवेअरच्या चुका शोधणारा टेस्टर, आणि शनिवार-रविवार कॅरी-मॉरिसव्हिलमधल्या तमाम सत्यनारायणांचा आणि वास्तुशांतींचा भटजी. दोन्ही कामांत त्याची पद्धत एकच होती. कलशाखाली तांदूळ कमी पडले तरी तो “हा क्रिटिकल आहे” म्हणायचा.

शनिवारी सकाळी सत्यजित त्याच्या गॅरेजमध्ये जाऊन बसला. पुरुषोत्तम होमाच्या समिधा मोजत होता.

“नवसाचे शब्द सांग,” तो म्हणाला. “एक्झॅक्ट.”

“तुझी ओटी भरायला येईन.”

“देवी?”

“मेरीमाता. मोठा घुमट आहे. भूमध्य समुद्रातलं बेट आहे.”

“म्हणजे रिक्वायरमेंट तीन झाल्या. माता, घुमट आणि भूमध्य.” पुरुषोत्तमने समिधा खाली ठेवल्या. “ह्या तीन मॅच झाल्या तर लोकल चालते. शास्त्रात सोय आहे बाप्पा. आपण तांब्यातल्या पाण्यात गंगा-यमुना बोलावतो का नाही? मग? आता तू इथं एक मेरीमाता शोध घुमटवाली.”

“भूमध्यचं काय करू? इथे समुद्र तीन तासांवर, तोही अटलांटिक.”

“भक्त भूमध्यचे पाहा नं.”

शेजारच्या रॉली शहराकडे जाताना हायवेवरून एक निळा घुमट दिसायचा. सत्यजित गेली कित्येक वर्षं तो बघत होता आणि त्याला ते एखादं रेस्टॉरंट वाटत होतं. घरी येऊन त्याने शोधलं तर ते चर्च निघालं. मेरीमातेचं. आणि बांधलेलं कुणी, तर भूमध्यातल्याच सायप्रस बेटावरून आलेल्या ग्रीक मंडळींनी. त्याने पुरुषोत्तमला फोन केला. “तीनही मॅच,” तो म्हणाला. “फक्त माल्टावाले कॅथलिक आणि हे ऑर्थोडॉक्स आहेत. चालेल?”

“व्हर्जन वेगळं आहे,” पुरुषोत्तम विचार करून म्हणाला. “पण माता तीच आहे नं. होऊन जाते. नारळ शेंडीवाला घेजो मात्र.”

अमेरिकेतले नारळ तासून गुळगुळीत केलेले असतात. शेंडीवाल्यासाठी सत्यजितला तीन देशी दुकानं पालथी घालावी लागली. रुचाने कपाटातला हिरवा खण काढला. त्यात नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम असं सगळं घालून घट्ट गाठ मारली. वरून शेंडी तेवढी बाहेर राहिली.

रविवारी दुपारी तिघं चर्चपाशी पोचली. प्रार्थना संपून लोक पांगायला लागले होते. मोठ्या दाराशी सत्यजितने वाकून बूट काढले.

“इथे नाही काढत,” रुचा म्हणाली.

“आईचा नवस आहे गं. बूट घालून ओटी भरू?”

रुचा खाली वाकली. तिनेही काढले, सईचेही काढले. दाराजवळ एक मोठं खोकं होतं, त्याच्याशेजारी तिघांचे बूट नीट जोडीने लावून ठेवले. खोक्यावर काहीतरी लिहिलेलं होतं. ते कुणी वाचलं नाही.

आत गेल्यावर सत्यजितने वर पाहिलं आणि तो तिथेच थांबला. घुमट आतून सोनेरी होता आणि उन्हाच्या तिरिपा खिडक्यांतून खाली येत होत्या. धूपाचा वास भरून राहिला होता. वाळूच्या तबकात लोकांनी बारीक मेणबत्त्या खोचलेल्या होत्या. दर्शनाला आल्यासारखं त्याला वाटलं, ते बऱ्याच वर्षांनी. त्याने तसबिरीपुढच्या पायरीवर ओटी ठेवली, हात जोडले आणि आभार मानायचं ठरवून आला होता तरी त्याच्या तोंडून निघालं ते एवढंच, “मला घरी जाऊ दे आता.” रुचाने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“बाबा, आय हॅव टू गो,” सई म्हणाली.

“थांब पाच मिनिटं.”

“आय हॅव टू गो नाऊ.”

बाथरूम तळघरात होती. सई जिन्याच्या दिशेने पळाली, तिच्यामागे रुचा, आणि दोघींना रस्ता सापडेना म्हणून मागोमाग सत्यजित. ओटी तिथेच राहिली. देवापुढे ठेवलेली ओटी कोण उचलतं, असं त्याच्या मनात. पण मेणबत्त्यांपाशी बसलेल्या ग्रीक आजींनी जे पाहिलं ते वेगळं होतं. तीन अनोळखी माणसं अनवाणी आत आली, मातेच्या पायाशी केस बाहेर आलेलं एक गाठोडं ठेवून डोळे मिटून पुटपुटली, आणि मग घाईघाईने पळून गेली.

तळघरातून वर यायला त्यांना वेळ लागला, कारण सईला हात धुवायचं यंत्र फार आवडलं. वर आले तर चर्च रिकामं. बाहेर हिरवळीवर मात्र सगळी मंडळी रांगेत उभी. सत्यजितचा चेहरा उजळला.

“प्रसाद असणार,” तो रुचाला म्हणाला. “उभे राहू या. आपल्यासारखंच आहे बघ सगळं.”

दाराशी बूट नव्हते, खोकंही नव्हतं. असेल कुणीतरी आत नेऊन ठेवलं, असं म्हणून तिघं मोज्यांवरच गवतात जाऊन रांगेच्या शेवटी उभी राहिली. पुढे एक सद्गृहस्थ होते. सत्यजितने त्यांना इंग्रजीत विचारलं, आज काय वाटताहेत?

“वाटताहेत?” गृहस्थ म्हणाले. “पोलिसांनी बाहेर काढलंय आम्हाला. कुणीतरी आत बॉम्ब ठेवलाय म्हणे. अनवाणी लोक होते.”

सत्यजितने हळूच आपल्या पायांकडे पाहिलं. गृहस्थांनीही पाहिलं.

“सत्यजित,” रुचा अगदी शांत आवाजात मराठीत म्हणाली, “तुझं ग्रीन कार्ड तीन दिवसांचं आहे. जा आणि सांग.”

तेवढ्यात आणखी एक पोलिसांची गाडी दिव्यांसकट येऊन थांबली. कुत्राही उतरला. सत्यजितच्या डोळ्यांपुढून सहा वर्षं गेली, आणि त्यानंतर वकील, आणि त्यानंतर परतीचं विमान, जे आता बहुधा सरकारी खर्चाने मिळणार होतं. घरी जाऊ दे म्हणून मागितलं खरं, पण असं नव्हतं मागितलं. तो दोन्ही हात वर करून पुढे गेला. हात वर करायला कुणी सांगितलं नव्हतं.

“सर,” तो म्हणाला, “इट इज माय कोकोनट.”

“युअर व्हॉट?” पोलीस म्हणाला.

“कोकोनट, सर. इन अ ब्लाउज पीस.”

पोलिसाने त्याच्या मोज्यांकडे पाहिलं. “नारळाला कपडे का घातलेत?”

ह्याचं उत्तर सत्यजितला मराठीतही देता आलं नसतं. ते सईने दिलं. “इट्स अ प्रेझेंट फॉर गॉड्स मॉम,” ती म्हणाली. “माय आज्जी प्रॉमिस्ड.”

गर्दीतून पांढऱ्या दाढीचे फादर पुढे आले. त्यांनी सत्यजितला सगळं विचारलं, आणि सत्यजितने माल्टा, घुमट, बॉम्ब, फाईल, आई, सगळं एका दमात सांगून टाकलं. बॉम्ब हा शब्द आला तेव्हा पोलीस पुन्हा जरा पुढे सरकला. फादर मात्र ऐकता ऐकता हसायला लागले, इतके की त्यांना गाडीला टेकावं लागलं.

“टामा,” ते म्हणाले. “आमच्याकडे ह्याला टामा म्हणतात. माझी आई सायप्रसला असंच करायची. मी परीक्षेत पास झालो की चांदीचा पत्रा वाहीन म्हणून मेरीमातेला कबूल करून ठेवायची. मला कधी विचारलं नाही, आणि अभ्यास मात्र मला करावा लागायचा.” मग ते म्हणाले, “माता तिच्या कुठल्याही घरात घेते. तुमचं पोचलं.”

कुत्र्याने आत जाऊन नारळाचा वास घेतला आणि कंटाळून बाहेर आला. नारळ मागच्या पायरीवर फोडला गेला. तो फादरनीच फोडला, पहिल्या फटक्यात, आणि खोबऱ्याचे तुकडे रांगेतल्या सगळ्यांना मिळाले. खण मेणबत्तीवाल्या आजींनी डोळे पुसत घेतला आणि रुचाला बकलाव्याचा डबा दिला. पोलिसाने ड्यूटीवर खाता येत नाही म्हणून आपला तुकडा खिशात टाकला. फक्त बूट मिळाले नाहीत. त्या खोक्यावर “गरजूंसाठी जुने बूट” असं लिहिलेलं होतं आणि ते खोकं नेणारी व्हॅन मघाशीच निघून गेली होती. तळघरात मागे राहिलेल्या जुन्या बुटांतून फादरनी त्यांना तीन जोड काढून दिले. सत्यजितच्या वाट्याला गुडघ्यापर्यंतचे रबरी गमबूट आले.

कराडला तोवर मध्यरात्र उलटली होती, म्हणून फोन सोमवारी सकाळी केला. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावून, नवं कोरं कॉलिंग कार्ड खरवडून सत्यजितने आईला सगळी हकीगत सांगितली. रबरी बुटांपर्यंत येईतो आईला हसून हसून ठसका लागला.

“थोडक्यात काय,” तो म्हणाला, “नवस फिटला. गुरुजींनी पास केलंय, तिथल्या फादरनी पण केलंय. आता माल्टा नाही, काही नाही. सरळ घर. तुला पण कसली दगदग नको.”

तिकडून आवाज आला नाही. सत्यजितने कार्डातल्या बाईला मनातल्या मनात शिवी दिली. “हॅलो? आई?”

“आहे मी,” आई म्हणाली. “फिटला म्हणतोस?”

“फिटला.”

“म्हणजे आता जायला नकोच.”

“नकोच.”

“बरं झालं,” आई म्हणाली. “रजा वाचली तुमची. चकलीची भाजणी देते उद्या दळायला.” मग जराशाने म्हणाली, “त्या पोलिसाला उगीच चहा पाजला म्हणायचा.”

“तुझ्याकडे कुठला पोलीस?”

“पासपोर्टचा. परवा चौकशीला आला होता घरी. आजी, कुठं जायचंय म्हणाला. म्हटलं माल्टा. त्याला मालाड ऐकू आलं. तो म्हणतो, मालाडला पासपोर्ट कशाला लागतोय?”

“तू पासपोर्ट काढलास?”

“मग तेच तर सांगत होते त्या दिवशी, तर तुझं कार्ड संपलं. अरे, येईन म्हणाले होते ना मी. सत्याला पाठवीन असं कुठं म्हणाले होते?”

“पण आई, इकडे बोलावलं तर तू नेहमी म्हणतेस, मला काय करायचंय तिकडे.”

“काय करायचंय मग? तुम्ही ऑफिसात, सई शाळेत, आणि मी खिडकीतून पार्किंग बघायचं. शेजारच्या मालतीबाई बघून आल्या. मला तो समुद्र बघायचा होता. जन्मभर फळ्यावर काढला. शाळेत निळा खडू कधी मिळाला नाही, पांढऱ्यानेच काढायचे आणि पोरांना सांगायचे, हा निळा आहे असं समजा.” ती हसली. “तुझे बाबा होते तेव्हा त्यांचं आजारपण, मग तू, मग फाईल. आता म्हटलं देवाच्या नावाखाली तरी जाऊ. असू दे रे. सहज बोलले. तुम्ही या घरी. घर काय, आहे तिथेच आहे. मी बघतेच आहे रोज.”

फोन ठेवल्यावर सत्यजित गाडीत बसून राहिला. सहा वर्षं ज्या घरासाठी त्याचा जीव तळमळत होता, त्याच घराच्या भिंती आई एकटी बघत बसली होती आणि तिला एकदा, फक्त एकदा, तिथून बाहेर पडायचं होतं. तिने ते साध्या शब्दांत कधी मागितलं नाही, कारण आईने स्वतःसाठी काही मागायचं असतं हे त्यांच्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. देवाला मध्ये घालून मागितलं, तर पोराने धावपळ करून तेही फेडून टाकलं. त्याला स्वतःचा राग आला आणि आईचं फार वाईट वाटलं.

त्याने तिथूनच पुरुषोत्तमला फोन लावला. पलीकडून “पुरुषोत्तम, टेस्टिंग” असा ऑफिसचा आवाज आला.

“फिटलेला नवस परत चढवता येतो का?” सत्यजितने विचारलं.

“काहून? देवीने रिजेक्ट केला?”

“देवीने नाही. आईला यायचं होतं.”

त्याने सगळं सांगितलं. “येईन,” पुरुषोत्तम नवसाचा शब्द आठवून स्वतःशीच म्हणाला. “कर्ता कोण, ते पाहिलंच नाही आपण. रिक्वायरमेंट चार होत्या, आपण तीन टेस्ट केल्या. हा मोठाच बग आहे राजा, आणि माझा आहे. फिटला नाही तो. काकूंना घेऊन जा.”

“आणि दिवाळी?”

“ते शास्त्रात नाही,” पुरुषोत्तम म्हणाला. “ते तू पाहा.”

संध्याकाळी रुचाने कॅलेंडर समोर ठेवलं. रजा एकदाच मिळणार होती. आईचा पासपोर्ट, मग सगळ्यांचे व्हिसे, म्हणजे मार्चशिवाय काही जमत नव्हतं. दिवाळीच्या चौकोनावर रुचाने गोल केलेला होता, तो सत्यजितने स्वतः खोडला. मार्चमध्ये माल्ट्याहून आईबरोबर चार दिवस कराडला जाता येईल, असं रुचाने हिशेब करून सांगितलं, आणि चारच का असेनात, असं म्हणून त्याने मान डोलावली.

मंगळवारी सकाळी त्याने पुन्हा फोन केला.

“आई, घोटाळा झालाय. गुरुजी म्हणतात नवस फिटलेला नाही.”

“म्हणजे रे?”

“जो बोलला त्याने स्वतः जावं लागतं म्हणे. दुसऱ्याचं चालत नाही. दिवाळीची रजा मी पुढे ढकललीय. मार्चमध्ये तू मुंबईहून, आम्ही इकडून, माल्ट्यातच भेटायचं. मग तुझ्याबरोबर घरी.”

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग खुर्ची ओढल्याचा. मग शोभनाबाई बोलल्या, आणि आवाजात जितका त्रास आणता येईल तितका त्यांनी आणला.

“काय बाई तरी. ह्या वयात एवढ्या लांबचा प्रवास. माझे गुडघे हे असे.”

“हो ना, मला पण तेच वाटलं. राहू दे का मग? दुसऱ्या एखाद्या गुरुजींना विचारून बघतो.”

“नको,” शोभनाबाई इतक्या चटकन म्हणाल्या की सत्यजितने रिसीव्हर कानापासून लांब धरला. “देवाच्या कामात चार जणांना विचारत बसू नये. नाइलाज आहे. जावंच लागणार.”

“मग ठरलं.”

“ठरलं म्हणजे काय, करणार काय आता,” त्या म्हणाल्या. “तुझे ते गुरुजी फारच कडक दिसतात. त्यांना माझा नमस्कार सांग.”